आक्कांची पितळी

ऐका हो ऐका! मिरजेच्या स्टेशनामागल्या आमच्या गल्लीतील समस्त स्त्रीपुरुष, म्हातारेकोतारे आणि शेळ्यामेंढ्या यांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, गेल्या मंगळवारपासून या गल्लीत कोणीही कोणाचंही भांडं रिकामं परत केलं, तरी त्याला जाब विचारणारं माणूस उरलेलं नाही. ज्यांना आजवर मन मारून शेजाऱ्याच्या वाटीत चिमूटभर साखर टाकावी लागली, त्यांनी यापुढे वाटी धुवावी, पुसावी आणि खुशाल कोरडी ठाक परत करावी. दवंडी संपली.

आक्का, ही दवंडी मी तुमच्या ओट्यावर उभा राहून, तोंडाला पत्र्याचं नरसाळं लावून देणार होतो. एस्तरनं नरसाळंच लपवलं. म्हणाली, "बाई जाऊन आठवडा न्हाई झाला, आन् नवऱ्याची नाटकं सुरू!" बायको म्हणून तिचं बरोबर आहे. पण तुम्ही असतात, तर दारात पदर खोचून उभ्या राहून पूर्ण दवंडी ऐकली असतीत आणि मग म्हणाला असतात, "झालं? आता खाली उतर मास्तर, ओटा सारवलाय."

अकरा वर्षं आपली भिंत एक होती. तुम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवून तोंड पुसणाऱ्या. मी ख्रिस्ती शाळामास्तर, दिवे लागल्यावर ज्याला भूक लागते असा. तुमच्या घरी कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. आमच्या घरी ह्या तिघांवाचून चूल पेटत नाही. एवढ्या भांडवलावर दोन शेजाऱ्यांनी बोलणं टाकायला काही हरकत नव्हती. आपण त्याऐवजी भांडत बसलो. तुमच्या दिवाळीच्या चिवड्याला मी 'संन्यासी चिवडा' म्हणायचो आणि दोन वाट्या खायचो. एकदा मी म्हटलं, "आक्का, एकच पाकळी टाका हो लसणीची. कुणाला कळणारसुद्धा नाही." तुम्ही हातातला झारा माझ्याकडे रोखलात. "काय रं मास्तर, तुमचं मिशन आता पाकळीपासून सुरू व्हतंय व्हय?" त्या भांडणाचा निकाल लागायचा राहिला. ह्या दिवाळीत तुम्ही म्हणाला होतात, "फुडल्या सालाला बघू." ते 'बघू' मी लसणीच्या बाजूनं धरलं आहे. तुम्ही आता येऊन खोडणार असाल, तरच खोडलं जाईल.

आणि आपला भांड्यांचा कायदा. कुणाच्या घरून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे सगळीकडेच पाळतात. तुम्ही त्याची पोलीस चौकी केली होती. रिकामी वाटी आली, की आल्या पावली माघारी. एकदा तुमची गंमत करायची म्हणून मी वाटीत हरभऱ्याचा एक दाणा टाकून पाठवली. मला वाटलं, आता बाई रागावणार. तुम्ही तो दाणा कपाळाला लावलात आणि वाटी ठेवून घेतलीत. मी उगाच भिंतीला टेकून अर्धा तास वाट बघत होतो.

आमच्या नाताळात तुम्ही आमच्याहून जास्त घाईत असायच्या. पण एक गोष्ट आपण दोघंही कधी बोललो नाही. तुमच्या घरून आमच्याकडे करंज्या यायच्या, लाडू यायचे. आमच्याकडून तुमच्याकडे नारळ, गूळ, शेंगा असंच कोरडं सामान जायचं. शिजवलेलं नाही. आमच्या घरी तुम्ही तासन् तास बसलात, एस्तरच्या बाळंतपणात तर मुक्काम ठोकलात, पण पाण्याचा तांब्या कधी तोंडाला लावला नाहीत. आड एकच होता आपला. पण त्याच आडाचं पाणी कुणाच्या घागरीत शिरलं, की त्याला घर चिकटायचं. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. शेजार चांगला चालला होता. कशाला हात लावा, असं मला वाटायचं. तुम्हाला काय वाटायचं, ते विचारायचं राहिलं.

मग सहा वर्षांपूर्वीचा तो महायुद्धातला नाताळ. साखर रेशनवर गेली होती. गल्लीच्या टोकाच्या खोलीत दौलत राहायचा. रहिमतपूरकडचा, आमच्याच ख्रिस्ती मंडळीतला. तंबोऱ्याच्या कारखान्यात वाळलेले भोपळे कापायचं, आतून कोरायचं काम करायचा. काम असं, की भोपळ्यावर टिचकी मारून आवाज ऐकायचा आणि 'हा गाईल, हा न्हाई गायचा' असं सांगायचा. त्या पावसाळ्यात पटाशी सटकून त्याच्या उजव्या हातात घुसली आणि जखम चिघळली. दवाखान्यातून सांगितलं, रोज पट्टी बदला, पुरा जानेवारी बदला, नाहीतर बोटं मिटायची नाहीत. बोटं मिटली नाहीत तर पटाशी कशी धरणार? म्हणजे काम नाही, घरात बायको सरू आणि तीन लेकरं, आणि माणूस असा मानी की हात गळ्यात अडकवलेला असतानाही विचारलं तर म्हणायचा, "झ्याक हाय मास्तर. सलाम."

त्या दिवाळीला तुम्ही त्याच्याकडे तुमच्या पितळीतून फराळ पाठवलात. तुमची जेवायची पितळी; खोल, चांगली काठाची, दोन भाकरी कुस्करून वर आमटी ओतली तरी थेंब सांडत नाही अशी. काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं, 'सौ. पद्मावती'. त्या नावानं तुम्हाला हाक मारणारं कुणी राहिलं नव्हतं, ते नाव फक्त पितळीवर होतं.

पितळी परत आली नाही. आठ दिवस, पंधरा दिवस, महिना. गल्लीत कुजबूज सुरू झाली, की दौलतनं ती मोडीत घातली असणार. तुम्ही मात्र वाटीभर ताकाचं निमित्त काढून सरूच्या दारात डोकावून आलात. आल्यावर म्हणालात, "मास्तर, फळीवर हाय पितळी. चिंचंनं घासून सोन्यावानी केलीया. पर तिच्यात घालायला घरात चिमूट न्हाई, म्हणून पोर ती परत दीना झालीया."

तुमचा कायदा त्या दिवशी तुमच्याच पायात आला.

नाताळ आला तेव्हा गल्लीनं तीन अडलेल्या घरांसाठी फराळ आणि शिधा गोळा केला. गुळाच्या करंज्या, शेंगांचे लाडू, ज्वारी, तेल. तुमचा संन्यासी चिवडाही होता. प्रश्न उरला, द्यायचं कशात? भांड्यात दिलं तर भांडं परत करायचं ओझं.

आता ह्यापुढची गोष्ट मी सहा वर्षं ज्या ढंगात सांगत आलो, तशी आधी सांगतो. "...आणि आक्कांनी कपाळाला हात लावला, डोळे मिटले, आणि आमच्या गल्लीच्या इतिहासातली सर्वांत थोर कल्पना त्यांच्या मस्तकात अवतरली: पत्रावळ! पान काही कुणी परत मागत नाही!" इथं मी थांबायचो, मंडळी हसायची. तुम्हीही हसायच्या, आणि पदरचं एखादं वाक्य घालून गोष्ट वाढवून द्यायच्या.

पहिली पत्रावळ म्हाताऱ्या सखूबाईकडे गेली. तिनं फराळ डब्यात भरला आणि पान शेळीला घातलं. शेळीनं ते खाल्लं, म्हणजे पुरावाही शिल्लक नाही. दुसऱ्या घरी असंच छान झालं. तिसरी पत्रावळ घेऊन आपण दोघं दौलतच्या दारात गेलो. दुपार कलली होती. मी नाताळचा काळा कोट घातलेला, आवाज आमच्या देवळातल्या नाताळच्या नाटकातल्या देवदूताचा. "दौलतराव! गल्लीच्या वतीनं, आनंदाच्या ह्या दिवशी..."

दौलतनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग पानाकडे.

"मास्तर, तुमी घरात कशात जेवता?"

"कशात म्हणजे? ताटात."

"आन् आमाला पान."

"अरे, परत करायची कटकट नको म्हणून..."

"व्हय, व्हय. आमचा हात लागलेलं भांडं परत घ्यायचं म्हंजे जाळात घालून काढावं लागतं. लई कटकट." त्याचा आवाज चढला नव्हता. "माझा बाप खळ्याच्या कडंला बसायचा. भाकरी वरनं पानावर पडायची. मी तवा ठरवलं व्हतं, पानावरचं खायचं न्हाई. कुणाची ही अक्कल, मास्तर?"

मी तोंड उघडलं. एरवी ते मिटत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्या वेळी त्यातून काही बाहेर पडलं नाही.

मागून तुम्ही म्हणालात, "माझी."

आक्का, गोष्ट इथं थांबवतो. मंगळवारी तुम्हाला नेल्यापासून हे वाक्य माझ्या मागे लागलं आहे. कल्पना तुमची नव्हती. माझी होती. मी म्हटलं होतं, पत्रावळीवर द्या. तुम्ही म्हणाला होतात, "न्हाई रं मास्तर. पानावर आपण कुणाला वाढतो, जरा इचार कर." आणि मी हात नाचवत म्हटलं होतं, "अहो, लग्नात राजेरजवाड्यांना पानावरच वाढतात!" माझ्या बोलण्यापुढे तुम्ही गप्प बसलात. ज्यानं विचार करायला हवा होता, तो मी होतो. माझाही बाप अशाच एका खळ्याच्या कडेला बसलेला होता. ओंजळीत वरून पाणी कसं ओतत, हे त्यानं मला करून दाखवलं होतं. पण मी शाळा शिकलो, कोट शिवला, पितळेची ताटं घेतली आणि विसरलो. दौलत विसरला नव्हता, आणि तुम्हीही विसरला नव्हतात. तुमच्या बाजूनं ते सगळं तुम्ही पाहिलेलं होतं.

तरी 'माझी' म्हणालात. आणि मी सहा वर्षं ती गोष्ट तुमच्या नावावर सांगून टाळ्या घेतल्या, तुमच्यासमोर. एकदाही तुम्ही मला टोकलं नाहीत. का, आक्का? मला वाचवलंत, की माझी परीक्षा घेत होतात? तुम्हाला ओळखतो, म्हणून वाटतं, दोन्ही. हे लिहितोय ते मासिकात छापून आलं, की मी ते दौलतला स्वतः वाचून दाखवणार आहे. तो जे बोलेल ते ऐकून घेईन. मधे बोलणार नाही.

दौलत तुम्हाला काय बोलणार? वयाचा मान होता. म्हणाला, "आक्का, तुमास्नी काय बोलत न्हाई. पर हे घिऊन जावा. नाताळ झाला की आमी रहिमतपूरला चाललो." आणि दार लावलं.

रहिमतपूरला गेला म्हणजे पट्टी बंद. पट्टी बंद म्हणजे बोटं गेली. हे त्याला ठाऊक होतं, दाराआड रडणाऱ्या सरूला ठाऊक होतं. मी पत्रावळ हातात धरून उभा, जशी काही आरतीच ओवाळायची आहे. तुम्ही माझ्याकडे पाहिलंतसुद्धा नाही. काय पुटपुटलात तेही मला ऐकू आलं नाही, आणि तरातरा घरी गेलात. मला वाटलं, बाई आता दार लावून बसणार.

तुम्ही परत आलात. पण रिकाम्या हातांनी! आक्का रिकाम्या हातांनी कुणाच्या दारात आल्याचं गल्लीनं पाहिलं नव्हतं. सखूबाई शेळीसकट बाहेर आली. दोन-चार दारं उघडली.

"सरू," तुम्ही दार वाजवलंत, "माझी पितळी दे."

मग दार किलकिलं झालं. सरूनं पितळी दोन्ही हातांत धरली होती, पण पुढे करीना. "आक्का... घालायला काय न्हाई वो."

"पानी हाय का न्हाई घरात?"

"पानी हाय."

"मग पानी घाल. रिकामी न्यायची न्हाई मी."

सरूनं नवऱ्याकडे पाहिलं. दौलत भिंतीला टेकून उभा होता. तिनं घागर कलती करून पितळी काठोकाठ भरली आणि तुमच्यापुढे धरली. मला वाटलं, आता तुम्ही ते पाणी दारच्या झाडाला घालणार, शब्द राहिला, सोहळा झाला. तुम्ही उंबऱ्यावर बसलात. पितळी ओठांपर्यंत नेलीत.

आणि थांबलात.

आक्का, तो क्षण मी सहा वर्षं कुठल्याच गोष्टीत नीट सांगू शकलो नाही. दौलत भिंतीपासून सुटून ताठ उभा राहिला होता. सरूनं खाली पाहिलं. सगळ्यांना एकच वाटलं, की नाही जमायचं म्हातारीला. साठ वर्षांची सवय गळ्याखाली कशी उतरेल? मलाही तेच वाटलं. तुम्ही पितळी खाली घेतलीत, सरूकडे मान वर केलीत आणि चिडून म्हणालात, "गाळलंयस का गं?"

"आँ?" सरू म्हणाली.

"गाळलंयस का म्हंते मी. बिनगाळलेलं पानी मी घरातबी पीत न्हाई, तुझ्या दारात काय म्हणून पिऊ? किडामुंगी पोटात घालतीस व्हय माझ्या? फडकं घे धुतलेलं. दुहेरी घे. आगं दुहेरी!"

सरू हसायला लागली. रडत होती, त्यातच हसायला लागली. तिनं फडकं दुहेरी घेतलं, पाणी गाळलं, आणि तुम्ही ते पितळीच्या काठानं, आमटी पितात तसं, घटाघटा प्यालात. निम्मं हनुवटीवरून पदरावर. पितळी उपडी करून झटकलीत आणि मग माझ्यावर ओरडलात, "मास्तर, पुतळा झालाय काय तुझा? आता रिकामी झाली न्हवं ही? ते पानावरचं समदं हिच्यात घाल." मी घातलं. तुम्ही ती भरलेली पितळी सरूच्या हातात ठेवलीत. "परत करशील तवा पानी घालून आण. गाळून."

दौलत म्हणाला, "आक्का, तुमी आमच्या घरचं पानी प्यालात."

"मग? गोड हाय की."

दौलत रहिमतपूरला गेला नाही. पट्टी चालू राहिली, बोटं मिटली, पटाशी धरली. शेवटचं बोट मात्र अजून अर्धंच मिटतं. तो म्हणतो, आक्का पाणी पिताना मधेच थांबल्या, ते बोट तसंच थांबून राहिलं.

आणि मी? मी त्या संध्याकाळी रुसून बसलो होतो, हे तुम्हाला एस्तरनं सांगितलं असणारच. पाच वर्षांचा शेजार माझा, आणि पहिल्या पाण्याचा मान दौलतला! दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आमच्या दारात येऊन उभ्या राहिलात. "एस्तर, तांब्याभर पानी दे. तुझा नवरा फुगलाय म्हंतात." प्यालात आणि वर म्हणालात, "दौलतच्या घरचं ह्याहून बरं व्हतं."

पितळी त्यानंतर कुणा एकाची राहिलीच नाही. तुमच्याकडून काहीतरी घेऊन जायची, सरूकडून गाळलेलं पाणी घेऊन यायची. दौलतचं घर सावरलं, सरूच्या डब्यात साखर आली, गूळ आला, तरी ती पितळीत दुसरं काही घालीना आणि तुम्ही दुसरं काही घेईनात. ह्या दिवाळीत तुम्ही तिच्यातून सरूकडे करंज्या पाठवल्यात. पितळी परत यायच्या आत तुम्ही गेलात.

नाताळ पंधरा दिवसांवर आला आहे. सखूबाई विचारत होती, आता शिधा गोळा कोण करणार? मी म्हटलं, मी. ती म्हणाली, "पानावर देऊ नगंस म्हंजे झालं." म्हणजे कल्पना माझी होती, हे तिला माहीत होतं. म्हणजे सगळ्यांनाच माहीत होतं, आणि सहा वर्षं सगळे माझ्या गोष्टीला नुसतं तुमच्यासाठी हसत होते.

तिसऱ्या दिवशी तुमचे कवठे महांकाळचे धाकटे भाऊ घर आवरायला बसले होते. दहाबारा नातलग होते, सगळे गंभीर, पांढऱ्या टोप्यांचे. तुमची नाव घातलेली भांडी ओट्यावर मांडली होती. भाऊ म्हणाले, "आक्काची जेवायची पितळी दिसत न्हाई कुठं." मी सांगणार, तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून सरू येताना दिसली. पितळी काठोकाठ भरलेली, दोन्ही हातांत धरलेली, नजर पाण्यावर. पुढे दौलत, कुत्री हाकलत, वाट मोकळी करत. सगळी गल्ली चालून आली, थेंब सांडू दिला नाही. ओट्यापाशी आली आणि तुम्ही बसायच्या त्या जागी तिनं पितळी ठेवली.

भावांनी पितळीत वाकून पाहिलं. काठावरचं नाव वाचलं. मग सरूकडे पाहिलं, नातलगांकडे पाहिलं. "बाई, हे काय? पानी?"

मला समजावून सांगता आलं असतं, आक्का. माझ्याजवळ पूर्ण गोष्ट तयार होती, हातवाऱ्यांसकट. मी हात पाठीमागे बांधले. दौलतनं मान खाली घातली. सरूनं काहीतरी नीट बोलायचं ठरवून आणलं असावं, कारण तिनं पदर सावरला, घसा साफ केला, आणि एकदम, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, तिच्या तोंडून निघून गेलं:

"गाळलेलं हाय वो! दुहेरी फडक्यानं!"